मोटार अरुंद कीं स्वार रुंद?

'मृच्छकटिक' नाटकांतील रोहसेन मातीची गाडी नको, शेजारच्या मुलासारखी सोन्याचीच हवी, म्हणून रडतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. हल्लींच्या रोहसेनांची तक्रार थोडी निराळी आहे. गाडी हवी तशी मिळते, पण गाडीवान तींत बसत नाहीं! ज्या घरीं चार भावांचीं मुलें एकत्र वाढतात, तेथें एकाच्या हातीं लेगोचा माणूस, दुसऱ्याच्या हातीं धातूची मोटार आणि दोहोंचा मेळ नाहीं, यावरून दुपारच्या वेळीं केवढें रण माजतें हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस प्रस्तुत विषय क्षुल्लक वाटणार नाहीं.

डेन्मार्क देशांत बिलुंड या गांवीं ओले किर्क क्रिस्तियान्सन नामक सुतारानें १९३२ सालीं लांकडी खेळणीं करण्यास आरंभ केला. 'चांगलें खेळ' अशा अर्थाच्या दोन डेनिश शब्दांवरून १९३४ सालीं 'लेगो' हें नांव सिद्ध झालें. हल्लींच्या प्लॅस्टिकच्या विटेच्या पेटंटासाठीं २८ जानेवारी १९५८ रोजीं अर्ज करण्यांत आला, आणि १९६२ सालीं तिला चाकें मिळालीं. मात्र हात आणि पाय दोन्ही हालविणारा हल्लींचा चिमुकला मनुष्य १९७८ सालीं अवतरला. म्हणजे रथ आधीं व रथी मागाहून, असा हा क्रम आहे.

अडचणीचें मूळ या मनुष्याच्या शरीररचनेंत आहे. त्याची उंची सुमारें ४ सेंटिमीटर. अर्थात् साडेपांच फुटी माणसाच्या बेचाळिसाव्या हिश्श्याइतकी. परंतु दोन्ही हात धरून त्याची रुंदी सुमारें २४ मिलिमीटर भरते, आणि ती खऱ्या माणसाच्या खांद्यांच्या अवघी विसाव्या हिश्श्याची! उंचीनें बालक व रुंदीनें मल्ल, असा हा गृहस्थ आहे. आतां विटेवरील एका खुंटीपासून दुसरीपर्यंतचें अंतर ८ मिलिमीटर असतें. उंचीच्या प्रमाणानें मोटार केली, तर ती पांच खुंट्यांची होईल आणि रुंदीच्या प्रमाणानें केली, तर अकरा खुंट्यांची! जुन्या नगरमालिकेंतील मोटारी बहुधा चारच खुंट्यांच्या, म्हणजे ३२ मिलिमीटर रुंद असत. त्यांना दोहों बाजूंस दारें लावलीं कीं आंत हात मावत नसत. २०१५ सालीं 'स्पीड चँपियन्स' या नांवानें नामांकित शर्यतीच्या मोटारींच्या प्रतिकृती निघाल्या, त्या सहा खुंट्यांच्या. त्यांत चालक एकटाच मधोमध बसे. २०२० पासून त्या आठ खुंट्यांच्या झाल्या, तेव्हां कोठें दोघांस शेजारीं शेजारीं बसण्याची सोय झाली. धातूच्या ज्या लहान मोटारी दुकानांत मिळतात, त्या बहुधा खऱ्या मोटारीच्या चौसष्टाव्या हिश्श्याच्या असल्यामुळें त्यांच्या टपावर हा मनुष्य बसेल, आंत कदापि नाहीं. शिवाय त्याचा पाय कमरेंत वांकतो, गुडघ्यांत नाहीं. म्हणून बैठकीपुढें पाय लांब करण्यास जागा लागते, हेंही विसरूं नये.

मग दुसऱ्या कारखान्याची जुळणारी मोटार घेतली तर? यांत गैर कांहीं नाहीं. विटेचें पेटंट केव्हांच संपलें आहे. विटेच्या आकारावर व्यापारचिन्ह म्हणून हक्क सांगण्याचा यत्न कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयांत २००५ सालीं व युरोपीय न्यायालयांत २०१० सालीं निष्फळ ठरला. मौज अशी, कीं मनुष्याच्या आकृतीविषयीं युरोपांतील न्यायालयानें २०१५ सालीं कंपनीच्या बाजूनें निवाडा दिला. थोडक्यांत, युरोपांत घर व गाडी कोणीही करावी, माणूस मात्र बिलुंडचाच!

खरेदीस जातांना खिशांत फूटपट्टी असावी, अशी आमची सूचना आहे. आंतील मोकळी जागा एका स्वारास २६ मिलिमीटरांहून कमी असेल, तर पेटीवरील चित्रास भुलूं नये. भारतांत १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आय्‌.एस्‌.आय्‌. चिन्ह आवश्यक झालें आहे, तेंही पाहून घ्यावें.

आमच्या घरीं नातवंडें सात आणि परदेशांतून आलेली भारी पेटी एक. सातांना सात पेट्या घेणें आमच्या निवृत्तिवेतनास झेपणारें नव्हतें, आणि एकालाच मोटार देऊन बाकीच्या सहांस पहात बसविणें आम्हांस प्रशस्त वाटेना. शेवटीं आळींतील सुतारास माप दिलें : खांच २७ मिलिमीटर रुंद, पुढें पायांस जागा, वर टप नाहीं. त्यानें उरल्यासुरल्या सागवानाच्या सात गाड्या करून दिल्या. माणसें त्यांत ऐटींत बसतात. भांडण आतां पुढें कोणाची गाडी चालावी, एवढ्यापुरतेंच उरलें आहे. सर्वांत धाकटी नात अजून तीन वर्षांची झालेली नाहीं. तेवढ्या वयाच्या मुलांना लहान भाग देऊं नयेत, असें पेटीवर छापलेलें असतें आणि तें योग्यच आहे. म्हणून तिची गाडी चालकावांचून धांवते, आणि तिचा चालक आजीच्या पानपुड्याच्या डब्यांत सुखरूप आहे.