गुळाचा रंग आणि चुन्याची निवळी

गोत्री हे एके काळी बडोद्याच्या पश्चिमेचे खेडे होते. आज ते शहरात मिसळून गेले आहे. तेथील माझ्या वखारीत धान्याबरोबर थोडा गूळही असे. काही वर्षांपूर्वी एका अडत्याकडून पिवळाजर्द गूळ घेतला. श्रावण सरतो न सरतो तोच निम्म्याहून अधिक ढेपा काळवंडल्या व पाझरू लागल्या. “पावसाळा आहे, शेठ,” एवढेच उत्तर मिळाले. तोटा मुकाट्याने सोसला. पण कारण कळावे ही तळमळ राहिली.

माझी कन्या त्या वेळी रसायनशास्त्र शिकत होती. तिने ढेपेचा तुकडा पाण्यात विरघळवून त्यात तांबडा लिटमस कागद बुडविला. तो निळसर झाला. म्हणजे मालात अल्क अधिक होता.

उसाचा रस मुळात किंचित आंबट. आंबटपणामुळे व उष्णतेने त्यातील साखर फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज होतात. (हीच जोडी मधातही असते, तो आपणांस वर्ज्य.) हे टाळण्यासाठी काहिलीत चुन्याची निवळी घालतात, ती योग्यच आहे. मात्र ती बेताबाहेर गेली की दुसराच व्यवहार सुरू होतो. ग्लुकोज व फ्रुक्टोज दोहोंत ६ कार्बन, १२ हायड्रोजन व ६ ऑक्सिजन. भेद केवळ मांडणीचा. अल्क ग्लुकोजच्या दुसऱ्या कार्बनवरील हायड्रोजन उचलतो; मध्ये ‘एनडायॉल’ नावाची क्षणिक अवस्था येते. मग पहिल्या कार्बनवर हायड्रोजन बसला, तर तेच फ्रुक्टोज! खतावणीत रक्कम तीच राहावी व खाते मात्र पालटावे, तसा हा प्रकार. लॉब्री दे ब्राउन व आल्बर्दा व्हान एकेन्स्टाइन या डच रसायनज्ञांनी १८९५ साली हे रूपांतर प्रकाशात आणले.

क्रिया येथेच थांबती, तर तक्रार नव्हती. परंतु अल्क व आच यांच्यापुढे दोन्ही शर्करा मोडतात, आम्ले व तपकिरी द्रव्ये निपजतात आणि काहिलीतच रंग उतरतो. तो झाकावयास काही जण हायड्रोस टाकतात. त्याने आलेला उजळपणा साठवणीत टिकत नाही. शिवाय फ्रुक्टोज हवेतील ओल ओढून घेते, म्हणून ढेप पाझरते.

मक्याच्या व्यापाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मक्याच्या स्टार्चचे प्रथम ग्लुकोज करतात. फ्रुक्टोज त्याहून बरेच गोड, म्हणून पुढे त्याचे फ्रुक्टोज करणे लाभाचे. अल्काने ते होते, पण हाती थोडे लागते व घाण फार होते. १९५७ मध्ये मार्शल व कूई या अमेरिकन संशोधकांनी हेच काम विकराकडून करवून घेता येते असे दाखविले. आज कारखान्यांत विकराने ४२ टक्के फ्रुक्टोजचा पाक निघतो.

त्या हंगामानंतर मी तपकिरी, कोरडा व कणीदार गूळच घेतो. लिटमसची पुडी गल्ल्यात असते. तरीही दर आठवड्यास कोणी तरी ढेपेकडे पाहून विचारतेच, “शेठ, याहून उजळ नाही का?”