ब्राझ, इव्होन आणि वरातीतला सॅक्सोफोन

खान्देशात सॅक्सोफोन ओळखीचा झाला तो वरातीत. धुळे-जळगावकडच्या लग्नसराईत ट्रम्पेटवाला मुखडा उचलायचा, सॅक्सोफोन अंतऱ्यात शिरायचा, आणि बँड चौकात थांबला की पोरं नाचायला पुढे सरसावायची. वाजायची ती बहुतेक सिनेमातली गाणी. पण सिनेमात हा सूर आला कुठून? त्याचा माग गोव्यातल्या एका जोडप्याच्या घरात लागतो.

सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस आणि गायिका इव्होन हे ते जोडपं. इव्होनचे वडील म्हणजे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव बार्देशातलं हळदोणें. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड गाजला आणि लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. दिवसा हीच मंडळी सिनेमाच्या स्टुडिओत असत. पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांनी ‘अलबेला’त (१९५१) चिक यांना त्यांच्या बँडसकट पडद्यावरच आणलं. त्या सिनेमात लता मंगेशकर गायल्या होत्या, आणि लताबाईंचं आजोळ धुळे जिल्ह्यातलं, तापीकाठचं थाळनेर. म्हणजे त्यातल्या भगवानदादांच्या बेफाम नाचामागे खान्देशचं आजोळ आणि गोव्याचा ट्रम्पेट एकत्र नांदत होते. अशा वादकांची नावं श्रोत्यांपर्यंत फारशी पोचलीच नाहीत, हा त्यांच्यावरचा मोठा अन्याय आहे.

ब्राझ न्यूरा गावचे. त्यांनी कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर नाव कमावलं. तिथल्या ‘ब्लू फॉक्स’ रेस्टॉरंटमध्ये पियानोवर लुई बँक्स, गायला पॅम क्रेन आणि सॅक्सोफोनवर ब्राझ, असा तो जमाना होता.

१९७० साली ‘ब्राझ गोन्साल्विस ७’ या चमूची ‘रागा रॉक’ ही ध्वनिमुद्रिका आली. त्याआधी १९६८ मध्ये शंकर-जयकिशन यांच्या ‘रागा जाझ स्टाइल’मध्ये रईस खाँच्या सतारीबरोबर मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन वाजला होता. तरी ब्राझ यांची गोष्ट वेगळी. सिनेमातल्या संगीतकाराने रागाला जाझचा बाज देणं आणि रोज रात्री जाझ वाजवणाऱ्याने स्वतः रागाकडे वळणं, यात फरक आहे.

शिवाय सॅक्सोफोन रागाला सहजासहजी वश होत नाही. त्याच्या चाव्या ठरलेला स्वर देतात, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, देत नाहीत. वादकाला ओठांची पकड सैल करावी लागते, रीडवरचा दाब बदलावा लागतो, चावी अर्धवट उघडावी लागते. तेव्हा कुठे स्वर घसरत खाली येतो.

१९७८ मध्ये निरंजन झवेरींनी मुंबईत ‘जाझ यात्रा’ हा महोत्सव सुरू केला. पहिल्याच वर्षी सॉनी रोलिन्ससारखा दिग्गज सॅक्सोफोनवादक आला. पुढे लुई बँक्स आणि कर्नाटक संगीतातल्या गायिका रामामणी यांच्याबरोबर ब्राझ युरोपातही वाजवून आले. इव्होनही जाझच्या मंचावर गात राहिल्या. नंतर हे दोघं गोव्याला परतले. आता नातू जॅरिड रॉड्रिग्ज सॅक्सोफोन वाजवतो.

बँडवाल्यांच्या घरात वाद्य असंच एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातं. धुळे-जळगावच्या ज्या पोराच्या हातात आज सॅक्सोफोन आहे, त्याने ‘रागा रॉक’ जरूर ऐकावी आणि मग रागातली मींड आपल्या रीडवर काढून पाहावी.