पुद्दुचेरीत ‘ल कॅफे’ला जाताय? मग आजूबाजूचंही पाहाच!

समुद्राला अगदी खेटून असलेलं हे सरकारी उपाहारगृह पूर्वीच्या बंदर कार्यालयाच्या इमारतीत आहे. कॉफी संध्याकाळी घ्या. तेव्हा समोरचा गुबेर अव्हेन्यू वाहनांना बंद असतो आणि अख्खा रस्ता चालणाऱ्यांचा होतो.

बाहेर पडलात की शेजारीच गांधीजींचा पुतळा. बहुतेक जण तिथे फोटो काढून पुढे सरकतात. मराठी माणसाने मात्र पुतळ्याभोवतीचे कोरीव दगडी खांब निरखून बघावेत. हे खांब जिंजीहून आणलेले आहेत! शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये जिंकलेली आणि पुढे राजाराम महाराजांना आसरा देणारी तीच जिंजी. एक दिवस हाताशी असेल तर तो किल्लाही करा, पुद्दुचेरीहून साधारण सत्तर किलोमीटरवर आहे. माझ्या मते या सहलीतलं सगळ्यात मोलाचं ठिकाण तेच.

पुतळ्यासमोर १८३६ चा जुना दीपस्तंभ आहे, जवळच फ्रेंच युद्धस्मारक. आत वळलं की भारती पार्क, आणि त्यात पांढराशुभ्र आयी मंडप.

तिथून मनकुळ विनायगर मंदिर आणि अरविंदाश्रम पायी गाठता येतात. अरविंद घोष इथे १९१० मध्ये आले. त्याआधी बरीच वर्षं ते बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत होते. आश्रमात समाधीपाशी शांतता पाळावी लागते, तेव्हा मोबाइल आधीच बंद करा.

उन्हाळ्यात दुपार टाळा, दमट हवेने जीव नकोसा होतो.