पार्टी जुनी, पत्ता कोणता?

तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्याच्या अकाउंट्समध्ये ग्राहकांच्या माहितीचा विषय काढा. टॅली उघडली जाते, लेजरची लांबलचक यादी दिसते आणि उत्तर येतं, "सगळ्या जुन्या पार्ट्या आहेत, माहिती पक्की आहे."

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. पार्टी जुनी असेल तर तिची नोंदही तेवढीच जुनी असते. आपल्याकडची नोंद जागची हलत नाही, ग्राहक मात्र बदलत राहतो. कधी कधी तर त्याने काहीही न करता त्याची माहिती बदलते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला आणि बोईसरच्या प्रत्येक पत्त्यातला जिल्हा बदलला. पिन कोड मात्र तेच राहिले. दमणचं उदाहरण याहून बोलकं आहे. २६ जानेवारी २०२० रोजी दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली हे केंद्रशासित प्रदेश एक झाले. १ ऑगस्ट २०२० पासून दमणच्या व्यापाऱ्यांच्या जीएसटी क्रमांकाची सुरुवात २५ ऐवजी २६ ने होऊ लागली. कारखाना इंचभरही सरकला नाही, पण आपल्या दप्तरातला त्याचा क्रमांक एका दिवसात कालबाह्य झाला.

मालकीचंही तसंच. एकट्याच्या मालकीच्या धंद्याची प्रायव्हेट लिमिटेड झाली की गेटवरची पाटी जवळपास तीच राहते, शेठही तेच असतात. पॅन मात्र नवा येतो; त्यातलं चौथं अक्षर व्यक्तीसाठी पी, तर कंपनीसाठी सी असतं. आणि पॅन जीएसटी क्रमांकाच्या पोटातच असल्यामुळे तोही बदलतो. जुन्या लेजरवर बिल फाडणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

"जीएसटी नंबर बरोबर आहे ना, मग झालं." हा दुसरा समज, आणि तो अर्धाच खरा आहे. या १५ अंकाक्षरांतले पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा पॅनची, आणि शेवटचं चिन्ह टायपिंगची चूक पकडण्यासाठी. त्यामुळे एखादा अंक चुकला तर पोर्टल अडवतं. पण एकाच कंपनीचा बोईसरचा कारखाना २७ वर, वापीचा २४ वर आणि सिल्वासाचा २६ वर नोंदलेला असू शकतो. तिन्ही क्रमांक खरेच असतात! बोईसरला दिलेल्या मालाचं बिल वापीच्या क्रमांकावर निघालं तर कुठलीही यंत्रणा "हा क्रमांक चूक" म्हणणार नाही. राज्याबाहेरचा ग्राहक समजून सीजीएसटी-एसजीएसटीऐवजी आयजीएसटी लागण्याची शक्यता, शिवाय इनपुट क्रेडिट दिसणार वापीच्या जीएसटीआर-२बीमध्ये. बोईसरचा अकाउंटंट करापुरती रक्कम अडवून बसला, तर त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

दुरुस्तीची सोय आहे, पण तिला मुदती आहेत. ई-इन्व्हॉइस २४ तासांतच रद्द होतं. त्यानंतर जीएसटीआर-१ मधून दुरुस्ती, तीही पुढच्या आर्थिक वर्षातल्या ३० नोव्हेंबरपर्यंतच.

उलट बाजूने पाहिलं तर एका जीएसटी क्रमांकाचा पत्ता एकच असतो, हेही खरं नाही. अनेक कंपन्यांचं मुख्य ठिकाण मुंबईत नोंदलेलं असतं आणि तारापूरचा प्लॉट त्याच क्रमांकाखाली अतिरिक्त ठिकाण म्हणून. बिलाचा पत्ता आणि माल उतरवायचा पत्ता असे दोन रकाने वेगळे ठेवायला हवेत, ते यासाठी.

त्यात आपल्याकडे तारापूर एक नाही. किनाऱ्यावरचं गाव तारापूर, अणुऊर्जा प्रकल्पही तारापूर आणि बोईसर स्टेशनजवळची एमआयडीसीसुद्धा तारापूर. बोईसरचा पिन ४०१५०१, औद्योगिक वसाहतीचा ४०१५०६, अणुऊर्जा वसाहतीचा ४०१५०४. प्लॉटच्या अक्षर-क्रमांकाशिवाय नुसतं 'तारापूर' लिहिलेला पत्ता हातात घेऊन परराज्यातला ड्रायव्हर कुठे जाईल, हे त्याच्या मोबाइलमधल्या नकाशावर अवलंबून. ई-वे बिलातलं अंतरही पिनवरून निघतं आणि साध्या मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस मुदत मिळते. जवळचा पिन चुकला तर फारसं बिघडत नाही. पण लेजरमध्ये मुंबई ऑफिसचा पिन आणि माल नागपूरच्या गोदामाला, असं झालं की गाडी वाटेत असतानाच मुदत संपते.

नवं सॉफ्टवेअर घेतलं की हे सगळं आपोआप सुटेल, अशी आशा फार जण धरतात. सॉफ्टवेअर दिलेली माहिती जशीच्या तशी उचलतं. एकाच पार्टीची 'इंडस्ट्रीज', 'इंड.' आणि 'इंडस्ट्रीज बोईसर' अशी तीन लेजरं असतील तर नव्यातही तीनच येतात, आणि उधारीची मर्यादा एकाऐवजी तिनांवर वाटली जाते.

औषध कारखान्यांत तर हा प्रश्न पैशांपुरता राहत नाही. एखादी बॅच परत मागवायची वेळ आली तर ती कोणाकडे गेली हे झटपट सापडावं, म्हणून शेड्यूल एममध्ये वितरणाच्या नोंदी ठेवण्याची अट आहे. फोन न लागणारी यादी तिथे कामाची नाही.

फोनवरून आठवलं. "आमचे ग्राहक कंपन्या आहेत, डेटाचा कायदा आम्हाला कशाला?" कंपनीची माहिती ही वैयक्तिक माहिती नव्हे, हे बरोबर; पण तिच्या खरेदी अधिकाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर नक्कीच वैयक्तिक आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ती माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क त्या माणसाला देतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. शिवाय बंद झालेला मोबाइल नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नंबरावर पाठवलेलं कोटेशन कोण वाचतंय, याची खात्री कोण देणार?

आणि हे काम एकट्या अकाउंट्सचं नाही. पार्टीचा गेट बदलला हे ड्रायव्हरला आधी कळतं, खरेदी अधिकारी बदलला हे सेल्सवाल्याला. त्यांनी सांगायचं कोणाला, हे मात्र ठरलेलं हवं: एकच माणूस, आणि बदल नोंदवण्याचा अधिकार त्यालाच.

जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करताही क्रमांक टाकून नाव, मुख्य पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे फुकट पाहता येतं. मार्चअखेर बाकीच्या खातरजमेची पत्रं पाठवाल, तेव्हा त्याच कागदावर जीएसटी क्रमांक, माल उतरवायचा पत्ता आणि संपर्काचा माणूस हे तीन रकाने छापा आणि पार्टीच्या सही-शिक्क्यानिशी परत मागवा.