शिकवणीचे दोन कोटी डॉलर

दालनातली कुजबुज : भाग 9

आज लँकेशायरच्या गिरणीमालकांवर लिहायचं कबूल केलं होतं. मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावर 1896 साली साडेतीन टक्के अबकारी कर बसवून घेणारी ती मंडळी आता पुढच्या गुरुवारी. मध्येच कोपरखैरण्यातल्याच एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि आठवडाभर दुसरं काही सुचलं नाही. त्या विचारतात : पाकिटं घेऊन ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारणाऱ्या खासदारांची गोष्ट वाचली, पण मग लॉबिंग म्हणजे लाचच ना? त्याला वेगळा शब्द कशाला?

बाई, 1994 चं ते प्रकरण लाचेच्या शेजारचं होतं, म्हणून तर ते पकडलं गेलं. खरं लॉबिंग पकडण्यासारखं नसतंच. ते उजेडात, इस्त्रीच्या कपड्यांत, कागदपत्रं घेऊन येतं. मला हा फरक कळला तो लंडनमुळे नव्हे, गुहागरमुळे.

जानेवारी 1995 मध्ये एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या एक उपाध्यक्ष, लिंडा पॉवर्स, अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीसमोर बोलायला गेल्या. कोकणातल्या दाभोळ वीज प्रकल्पासाठी आमच्या कंपनीनं ‘शिक्षण आणि प्रकल्प-विकास’ या प्रक्रियेवरच सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले, असं त्यांनी तिथे सांगितलं. प्रत्यक्ष प्रकल्पाचा खर्च त्यात नव्हता. तेव्हाच्या भावानं हे साठ कोटी रुपयांच्या वर जातात. इकडे बातमी आली तेव्हा गदारोळ झाला, लाचेचे आरोप झाले, प्रकरणं कोर्टात गेली. लाच कुठल्याही न्यायालयात सिद्ध झाली नाही. माझं लक्ष मात्र तेव्हापासून ‘शिक्षण’ या एका शब्दावर खिळलंय. शिकवलं कुणाला? आणि काय?

तारखा बघा. 20 जून 1992 ला राज्य वीज मंडळानं एन्रॉनबरोबर सामंजस्य करार केला. कंपनीची मंडळी मुंबईत येऊन जेमतेम काही दिवस झाले होते. निविदा मागवलेल्या नव्हत्या. वीजखरेदीचा करार 8 डिसेंबर 1993 ला झाला. (प्रकल्पाला दाभोळचं नाव असलं तरी तो दाभोळला नाही. तो खाडीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेलला आहे. एवढा गाजलेला प्रकल्प, आणि त्याचं गावसुद्धा लोकांना चुकीचं माहीत.)

करारात काय होतं? कोपरखैरण्यात खोली घेऊन राहणाऱ्या पोरांना ते चटकन कळेल. समजा, मेसवाल्या काकूंनी सांगितलं : महिन्याचे पैसे ठरलेले, जेवा नाहीतर नका जेवू. करार वीस वर्षांचा. दर डॉलरला बांधलेला, रुपया घसरला की डबा महाग. गॅस-तांदूळ महागला तर तो भुर्दंड तुमचा. आणि तुम्ही पैसे थकवलेत तर तुमचे वडील भरतील, तेही नाही भरले तर आजोबा, तशी दोघांची सही आणा. वीज मंडळामागे राज्य सरकारची हमी होती आणि तिच्यामागे केंद्राची प्रतिहमी. प्रतिहमी केंद्रानं दिली 1994 मध्ये; करार नव्यानं ठरल्यावर तिला पुन्हा मंजुरी मिळाली मे 1996 मध्ये, तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारच्या अगदी शेवटच्या घटकांना.

मी त्या काळात तुर्भ्याकडच्या एका कारखान्यात देखभाल विभागात होतो. दर महिन्याचं वीजबिल माझ्या टेबलावरून जायचं. त्यात ‘मागणी आकार’ असतो : यंत्रं चालोत न चालोत, तेवढी वीज तुमच्यासाठी राखून ठेवली त्याचे पैसे. घरगुती बिलातला ‘स्थिर आकार’ त्याचाच धाकटा भाऊ. म्हणून करारातलं हे कलम वाचताना मला विचित्र काही वाटलं नाही. हादरवलं ते आकड्यांनी. प्रकल्प नव्वद टक्के क्षमतेनं तयार आहे असं धरून पैसे मोजायचे, राज्याला तेवढी वीज लागो न लागो.

हे धोके कुणालाच दिसले नाहीत असं नाही. जागतिक बँकेनं एप्रिल 1993 मध्येच कर्ज नाकारलं. प्रकल्प राज्याच्या गरजेपेक्षा मोठा आहे, आयात वायूची वीज महाग पडेल आणि तिच्यासाठी कोळशावरची स्वस्त वीज बंद ठेवावी लागेल, असं बँकेचं म्हणणं. त्यानंतर जूनच्या अखेरीस एन्रॉनच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं वीज मंडळाच्या अध्यक्षांना जे पत्र लिहिलं, ते या लेखमालेतला सर्वांत मोलाचा कागद आहे असं मी मानतो. त्याचा आशय असा : बँकेचं मत बदलता येईल, आम्ही जनसंपर्क संस्था नेमू आणि यापुढे प्रसारमाध्यमं सांभाळू. खरेदीदार आणि विक्रेता टेबलाच्या दोन बाजूंना बसतात अशी आपली समजूत. या पत्रात दोघं एकाच बाजूला बसलेत, आणि समोर आहेत शंका घेणारे.

शिकवणी म्हणतात ती ही.

पुढचं राजकारण तुम्हाला आठवत असेल. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू अशी घोषणा देत शिवसेना-भाजप युती 1995 ला सत्तेवर आली, मुंडे समितीचा अहवाल आला, 3 ऑगस्टला मुख्यमंत्री मनोहर जोशींनी करार रद्द केल्याचं विधानसभेत जाहीर केलं. त्याआधीच जूनमध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं, करार मोडलात तर बाकीची गुंतवणूकही अडेल, असं बजावलं होतं. नोव्हेंबरमध्ये एन्रॉनच्या रिबेका मार्क बाळासाहेब ठाकऱ्यांना भेटायला ‘मातोश्री’वर गेल्या. जानेवारी 1996 मध्ये करार पुन्हा उभा राहिला, आणि आता 2,184 मेगावॉटचा, दुसऱ्या टप्प्याचीही बांधिलकी घेऊन. 2000 साली काही महिन्यांत त्या विजेचा दर युनिटला सात रुपयांच्या आसपास गेला. मे 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला, डिसेंबरात एन्रॉनच दिवाळखोरीत गेली.

मधल्या काळात अंजनवेल आणि शेजारच्या वेलदूरला काय झालं ते एका वाक्यात उरकणं मला पटत नाही. तो स्वतंत्र भाग आहे आणि तो मी लिहिणारच. आज एवढंच की 3 जून 1997 च्या पहाटे वेलदूरच्या कोळणींना पोलिसांनी घरातून ओढून मारहाण केली, आणि प्रकल्पावरच्या पोलीस बंदोबस्ताचा खर्च कंपनी देत होती, अशी नोंद ह्यूमन राइट्स वॉचच्या 1999 च्या अहवालात आहे.

बाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला ब्रिटनच्या टोकाकडून जास्त स्पष्ट दिसतं. लॉर्ड वेकम, पेशानं चार्टर्ड अकाउंटंट, 1990 साली ब्रिटनचे ऊर्जामंत्री होते. एन्रॉनच्या टीसाइड वीज केंद्राला परवानगी त्यांच्या काळात मिळाली. 1994 मध्ये ते एन्रॉनच्या संचालक मंडळावर गेले, लेखापरीक्षण समितीवर बसले. पुढे तिथल्या वृत्तपत्रांच्या तक्रार आयोगाचे ते अध्यक्षही झाले. आपल्याकडे फ्रँक विस्नर 1994 ते 97 दिल्लीत अमेरिकेचे राजदूत होते. ते पद सोडलं आणि त्याच वर्षी एन्रॉनच्या एका उपकंपनीच्या संचालक मंडळावर गेले. यातलं काहीही बेकायदा नव्हतं. लाच एका निर्णयाची किंमत असते. इथे एका निर्णयाची किंमत कुणी मोजली असं दाखवता येत नाही. फक्त माणसं एकमेकांच्या खोल्यांत ये-जा करत राहतात, आणि कंपनीला जे हवं तेच शहाणपण वाटू लागतं.

ब्रिटननं 2014 मध्ये लॉबिंगचा कायदा केला, नोंदवही सुरू केली. त्यात नाव नोंदवायचं ते दुसऱ्यासाठी लॉबिंग करणाऱ्या सल्लागार संस्थांनी. कंपनीचा स्वतःचा पगारी माणूस मंत्र्याला भेटला तर त्याला नोंदणीची गरज नाही. म्हणजे पॉवर्सबाई आणि त्यांचे सहकारी त्या वहीत कधीच आले नसते. आपल्याकडे तर वहीच नाही.

तरी शिकवणी एकाच बाजूची राहिली नाही, याचं श्रेय मी पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेला देतो. गिरीश संत, शंतनू दीक्षित, सुबोध वागळे या मंडळींनी 1995 मध्येच कराराचा तांत्रिक-आर्थिक हिशेब मांडला. राज्याची विजेची मागणी तेव्हा संध्याकाळी चढायची, रात्री उतरायची. दिवसरात्र पूर्ण क्षमतेच्या विजेचे पैसे मोजून आपण ती रात्री टाकणार कुठे, हा त्यांचा साधा, कोरडा प्रश्न होता. त्याची झेरॉक्स एका सहकाऱ्यानं कारखान्यात आणली होती. जेवणाच्या सुट्टीत आम्ही चौघांनी कॅल्क्युलेटर घेऊन तिच्यातले आकडे पडताळले. गिरीश संत 2012 मध्ये अकाली गेले. ती झेरॉक्स माझ्याकडे अजून आहे, पिवळी पडलेली.

1999 मध्ये राज्य वीज नियामक आयोग आला आणि दरवाढीवर जाहीर सुनावण्या सुरू झाल्या. आपल्या भागाची सुनावणी बेलापूरच्या सिडको भवनात होते. मी गेलोय. उद्योगांचे वकील जाड फायली घेऊन येतात, आणि त्यांच्याच मागे यंत्रमागवाले, सोसायट्यांचे सेक्रेटरी, हातात वीजबिल घेतलेले निवृत्त लोक रांगेत असतात. प्रत्येकाला बोलता येतं, बोललेलं लिहून घेतलं जातं, आणि आयोगाला आदेशात त्याला उत्तर द्यावं लागतं. तेही दबाव आणणंच आहे, बाई. पण ते उघड्या दारात चालतं.

पुढच्या वेळी सुनावणीची जाहिरात आली की या. हरकत आधी लेखी द्यावी लागते. मुदत जाहिरातीतच छापलेली असते.