दीड फुटाचा राग

गोल्फ हा काही आपल्याकडचा खेळ नव्हे. वाशीम जिल्ह्यातल्या मुली खेळणार कबड्डी नाही तर खो-खो, आणि टीव्हीवर लागणार क्रिकेट. गोल्फ म्हटलं की डोळ्यांसमोर येतात हिंदी सिनेमातले टोपीवाले शेठजी! मीसुद्धा गोल्फचं मैदान प्रत्यक्षात पाहिलेलं नाही. तरीही मी या खेळाची पक्की चाहती आहे, आणि त्यातही ‘सोल्हाइम कप’ची.

याला कारण आपली अदिती अशोक. ७ ऑगस्ट २०२१, टोकियो ऑलिम्पिक. जागतिक क्रमवारीत दोनशेव्या क्रमांकावर असलेली ही बंगळुरूची मुलगी पदकाच्या अगदी दारात उभी होती, आणि तिची अवजड बॅग घेऊन सोबत चालत होती कोण, तर तिची आई! पदक एका फटक्यानं हुकलं. अदिती चौथी आली. त्याच संध्याकाळी नीरज चोप्रानं भालाफेकीत सुवर्णपदक जिंकलं नि सगळे तिकडे वळले. मी मात्र गोल्फमध्येच गुंतले. मोबाइलवर जुने सामने शोधून शोधून पाहू लागले.

त्यातच सापडला सोल्हाइम कप. १९९० पासून साधारण दर दोन वर्षांनी होणारी ही महिलांची स्पर्धा. एका बाजूला युरोपच्या बारा जणी, दुसऱ्या बाजूला अमेरिकेच्या बारा. तीन दिवस, अठ्ठावीस सामने, प्रत्येक सामन्याला एक गुण. बक्षिसाचे पैसे नाहीत, नुसता मान! ज्यांच्या नावानं हा कप आहे ते कार्स्टन सोल्हाइम मूळचे नॉर्वेचे. आधी जोडे दुरुस्त करायचे, मग इंजिनिअर झाले आणि पुढे गोल्फच्या काठ्या बनवून नावारूपाला आले.

एरवी गोल्फ म्हणजे एकटीचा खेळ. आपला चेंडू, आपला हिशेब. इथं मात्र जोड्या असतात. एका प्रकारात तर दोघींत एकच चेंडू, आणि तो आळीपाळीनं मारायचा. दोघी जावांनी मिळून एकच पोळी लाटावी, तसं! एकीचं चुकलं की दुसरीनं निस्तरायचं. मला हे फारच ओळखीचं वाटलं.

आता यात आपला देश नाही, मग बाजू कुणाची घ्यायची? मी अमेरिकेची घेतली असती. कारण सांगते.

या खेळात एक सुंदर रीत आहे. चेंडू होलच्या अगदी जवळ असला, पुढचा फटका चुकणारच नाही असं दिसलं, की समोरची म्हणते, ‘दिला!’ मग तो फटका न मारताच मारल्यासारखा धरतात. देण्याची सक्ती मात्र नाही. १९६९ साली पुरुषांच्या रायडर कपमध्ये अमेरिकेच्या जॅक निकलॉसनं अगदी शेवटच्या क्षणी ब्रिटनच्या टोनी जॅकलिनला असाच फटका देऊन टाकला आणि स्पर्धा १६-१६ अशी बरोबरीत सुटली. त्या मोठेपणाच्या गोष्टी अजून सांगतात.

आणि २०१५ साली जर्मनीत काय झालं? अमेरिकेची वीस वर्षांची अ‍ॅलिसन ली. तिचा पहिलाच सोल्हाइम कप. सतराव्या होलवर तिचा चेंडू जेमतेम दीड फुटावर थांबला. समोरच्यांनी ‘दिला’ असं समजून तिनं तो उचलला. पण युरोपची सुझान पेटरसन म्हणाली, आम्ही दिलेला नव्हता! नियमानं तो होल युरोपला मिळाला, पाठोपाठ सामनाही. अ‍ॅलिसन रडली. सुझानची जोडीदार, एकोणीस वर्षांची चार्ली हल, तीही रडली.

हा व्हिडिओ मी घरात दाखवला आणि दोन तट पडले. जाऊ म्हणाली, “एवढुसा तर होता, देऊन टाकला असता तर काय बिघडलं असतं?” सासूबाईंचा निकाल तयार होता, “पोरीनं इचाराले पायजे होतं. न इचारता कायले उचलला?” नियमानं सासूबाई बरोबर होत्या. पण माझ्या मनातून सुझान उतरली ती उतरलीच. चिडलेल्या अमेरिकेनं त्याच दिवशी ६-१० अशा पिछाडीवरून साडेचौदा-साडेतेरा अशी बाजी मारली, ते पाहून मला कोण आनंद झाला!

पण गोष्ट तिथं संपत नाही. दुसऱ्याच दिवशी सुझाननं जाहीर माफी मागितली. २०१७ च्या स्पर्धेतून दुखापतीनं बाहेर पडली. २०१८ मध्ये तिला मुलगा झाला. बाळंतपणात दीड-दोन वर्षं खेळ सुटला. २०१९ ला स्कॉटलंडमधल्या स्पर्धेसाठी कॅप्टन कॅट्रिओना मॅथ्यूनं तिला निवडलं, तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. वय अडतीस, सराव नाही, वर २०१५ चा डाग! पण कॅट्रिओना स्वतः दोन मुलींची आई. दुसरी मुलगी अकरा आठवड्यांची असताना तिनं २००९ ची ब्रिटिश ओपन जिंकली होती. बाळंतीण बाई काय करू शकते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

शेवटच्या दिवशी गुण साडेतेरा-साडेतेरा. अखेरचा होल, अखेरचा फटका, आणि मारणारी कोण? सुझान! हा फटका तिला कुणी ‘देणार’ नव्हतं. तिनं तो मारला, चेंडू होलात गेला, कप युरोपचा झाला. आणि तिथल्या तिथंच तिनं निवृत्ती जाहीर केली. निकाल मला आधीच ठाऊक होता, तरी पाहताना डोळे भरून आलेच.

पुढे २०२३ ला हीच सुझान स्पेनमध्ये कॅप्टन होती. तेव्हा आमच्याकडे महालक्ष्म्या. शुक्रवारी पूजन, पुरण, सोळा भाज्या, आंबील, पंगती. रात्री भांडी आवरून मोबाइल पाहते तर सकाळच्या चारही सामन्यांत युरोप हरलेलं! असं पहिल्याच सत्रात ०-४ त्या कपात कधी झालं नव्हतं. पण दुपारपासून त्यांनी सावरलं, शनिवारअखेर ८-८ झालं. रविवारी रात्री कार्लोटा सिगांडानं स्वतःच्या देशात, स्पेनच्या लोकांसमोर, नेली कोर्डाला हरवलं. शेवट १४-१४. बरोबरी झाली की कप आधीच्या विजेत्यांकडेच राहतो, म्हणजे युरोपकडे. मी एवढ्यांदा ओरडले, की सासूबाई दचकून म्हणाल्या, “कोन जिंकलं वो?” म्हटलं, “तीच, दीड फुटवाली!”

२०२४ ला अमेरिकेत तिचा संघ साडेबारा-साडेपंधरा असा हरला. वाईट वाटलं, पण तिच्यावरचा राग परत आला नाही.

मैत्रिणींनो, आपल्या गावांमधून राग किती वर्षं टिकतात, हे मी सांगायला नको. एखादी लग्नात मानपानावरून एकदा वाकडं बोलली, की वीस वर्षं तिची ओळख तीच. मग तिनं आजारपणात कुणाचा डबा केला, सासऱ्यांचं सगळं अंथरुणातलं केलं, ते कुणाच्या लक्षात राहत नाही. सुझानचं २०१५ मधलं वागणं मला आजही पटत नाही. पण तिची माफीही खरी, २०१९ चा फटकाही खरा, हे नाकारता येत नाही.

तुमच्याही मनात कुणाविषयी असा दीड फुटाचा राग असेल, तर येत्या महालक्ष्म्यांना तिला सवाष्ण म्हणून जेवायला बोलवा. न विचारता उचलला होता का, हे पुरणपोळी वाढून झाल्यावर विचारता येईल!