कबरस्तानातले घुबड आणि आपला कॅमेरा

मगरिबनंतर कबरस्तानातल्या चिंचेवर घुबड घुमू लागले की आजही आपल्या पुष्कळ घरांत मुलांना आत ओढले जाते. आता कुणाचा तरी जनाजा निघणार, असे कुणीतरी हळूच बोलते. मग एखादा तरुण बाहेर जातो आणि दगड मारून पाखराला उडवून लावतो. हे आम्ही अनेक गावांत पाहिले आहे.

नवल याचे वाटते की हीच भीती घालवण्याचे काम आपल्या दीनने चौदाशे वर्षांपूर्वी केले आहे. इस्लामपूर्व अरबांची समजूत अशी होती की मेलेल्या माणसाचा, विशेषतः खून झालेल्याचा, आत्मा घुबड होऊन कबरीवर घिरट्या घालतो आणि सूड उगवला जाईपर्यंत ओरडत राहतो. या कल्पनेला ते ‘हामा’ म्हणत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पक्ष्यांवरून शकुन पाहणे, सफर महिना अशुभ मानणे आणि ही हामा, सारेच निराधार ठरवले. सहीह बुखारीत ही हदीस आहे. तरीही सफरची आणि घुबडाची धास्ती आपल्या उंबऱ्याआड टिकून राहिली.

मग घुबड कबरस्तानातच का बसते? उत्तर साधे आहे. गावातली जुनी, ढोलीची झाडे बहुधा तिथेच उरलेली असतात. रात्री माणसांची वर्दळ नसते, दिवे नसतात आणि गवतात उंदीर भरपूर असतात. घुबडाला याहून चांगले घर कुठे मिळणार? गव्हाणी घुबडाचे मुख्य खाणेच उंदीर-घुशी. ज्याला आपण दगड मारतो, तो आपल्या शेताचा बिनपगारी राखणदार आहे.

आम्ही काही मित्र सुट्टीच्या दिवशी इशानंतर कॅमेरे घेऊन घुबडांचे फोटो काढायला निघतो. आमचा अनुभव असा की तासभराच्या भाषणाने जी भीती जात नाही, ती एका स्वच्छ फोटोने जाते. बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा, काळेभोर डोळे आणि मऊ सोनेरी पिसे पाहिली की मुले विचारतात, “हे घुबड आहे?” पुढचे प्रश्न मग आपोआप येतात. मान एवढी कशी वळते? कारण त्याचे डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून अल्लाहने त्याला सुमारे २७० अंशांपर्यंत वळणारी मान दिली. उडताना आवाज का होत नाही? पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात, ते हवेचा आवाज मोडतात. गव्हाणी घुबडाचा एक कान दुसऱ्यापेक्षा थोडा वर असतो, म्हणून गर्द अंधारातही उंदराची खसखस नेमकी कुठून आली ते त्याला कळते.

ज्यांना हा छंद घरी सुरू करायचा आहे, त्यांच्यासाठी थोडे कामाचे सांगतो. सुरुवात पिंगळ्यापासून करावी. हे छोटे, ठिपक्यांचे घुबड वस्तीतच राहते आणि सूर्य मावळताच ढोलीच्या तोंडाशी येऊन बसते. मगरिबच्या आसपासचा निळसर उजेड सर्वांत उपयोगी. पूर्ण अंधार पडला की रस्त्याच्या दिव्याजवळ बसलेला पक्षी शोधावा. कॅमेरा तिपाईवर ठेवावा आणि बटण हाताने दाबण्याऐवजी दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे धक्का बसत नाही. घुबड बराच वेळ स्तब्ध बसते, त्यामुळे १/३० सेकंदाचा शटरही पुरतो. मात्र ते मान सतत वळवते, म्हणून एकामागून एक आठ-दहा फोटो घ्यावेत. आयएसओ ३२०० ते ६४०० च्या दरम्यान ठेवावा. फोकस नेहमी डोळ्यावर असावा. अंधारात ऑटोफोकस भरकटतो, अशा वेळी पडद्यावर चित्र मोठे करून हाताने फोकस करावा. आणखी एक गोष्ट. चौकटीत काळोख जास्त असला की कॅमेरा सगळे उजळ करू पाहतो आणि पांढरा चेहरा जळून जातो. म्हणून एक्स्पोजर एक पायरी कमी करावे. फोटो जेपेगऐवजी रॉ स्वरूपात घ्यावा, पुढच्या दुरुस्तीला वाव राहतो.

फ्लॅश आम्ही वापरत नाही. ज्याची शिकार अंधारातल्या नजरेवर चालते, त्याच्या डोळ्यांवर लखलखाट टाकायचा कशाला? मोबाईलवर घुबडाचा आवाज वाजवून त्याला बोलावणे किंवा दोरीला उंदीर बांधून आमिष दाखवणे हेही नको. पक्षी डोके वरखाली करू लागला किंवा अंग चोरून ताठ झाला, तर आपण फार जवळ आलो असे समजून मागे सरावे. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल हा पिंगळ्याचा विणीचा काळ, त्या दिवसांत ढोलीपासून दूरच राहावे. एका प्रवासात सहाबांनी एका पाखराची पिल्ले उचलली, तेव्हा त्या आईला कुणी दुखावले असे विचारून प्रेषितांनी (स.) ती परत ठेवायला लावली. अबू दाऊदमधली ही घटना ढोलीशी कॅमेरा लावणाऱ्याने ध्यानात ठेवावी.

घरी आल्यावर दुसरे काम सुरू होते. जास्त आयएसओवर काढलेल्या फोटोत वाळू सांडल्यासारखे कण दिसतात, त्याला नॉइज म्हणतात. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि कामाला पुरेशी आहेत. आधी रंग नीट करावा, कारण रस्त्याच्या पिवळ्या दिव्यात राखाडी पक्षीही हळदीत बुडवल्यासारखा दिसतो. मग लाल-हिरवे रंगीत कण काढावेत. साधे कण मात्र जपून कमी करावेत, नाहीतर पिसांचे मेण होते. काळ्या पार्श्वभूमीवर नॉइज जास्त काढावा, चेहऱ्यावर कमी. डोळा आणि चोचीची धार सगळ्यात शेवटी वाढवावी. आधी धार वाढवली तर कणही धारदार होतात. पक्षी अगदी स्थिर असेल तर सारखेच चार फोटो एकमेकांवर ठेवून त्यांची सरासरी काढावी, नॉइज निम्म्यावर येतो. सोळा घेतले तर चौथ्या हिश्शावर.

आता खरा प्रश्न. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने एका बटणात फोटो चकचकीत करतात आणि नसलेली पिसेही रचून देतात. काहीजण मागे पौर्णिमेचा चंद्र चिकटवतात. आमच्या मते कण काढणे, उजेड आणि रंग सावरणे ही सफाई आहे. नव्हते ते घालणे हे खोटे बोलणे आहे, आणि ते फोटोतही खोटेच राहते.

अशा खोट्याची किंमत घुबडांनीच मोजली आहे. आपल्या खानदेशातला रान पिंगळा १८८४ नंतर कुणाला मिळाला नव्हता. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने आपण १९१४ साली गुजरातेत एक टिपल्याचा दावा केला. प्रत्यक्षात तो संग्रहालयातून चोरलेला जुना नमुना होता, त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून लोक चुकीच्या ठिकाणी शोधत राहिले. पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांनी तो नमुना बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदी धरल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रान पिंगळा जिवंत सापडला. ११३ वर्षांनी! एका खोट्या चिठ्ठीने एवढे होते, तर फोटोखाली खोटे गाव किंवा खोटा प्रसंग लिहिताना आपण विचार करायला हवा.

खरे गाव लिहितानाही सावध राहावे लागते. घुबडाच्या ढोलीचा नेमका पत्ता आम्ही समाजमाध्यमांवर टाकत नाही. जादूटोण्यासाठी घुबडे पकडून विकली जातात. पक्षीतज्ज्ञ अबरार अहमद यांनी या चोरट्या व्यापाराचा मागोवा घेतला, त्यांचा अहवाल ट्रॅफिक इंडियाने २०१० मध्ये प्रसिद्ध केला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार आणि विक्री गुन्हा आहे. गिऱ्हाइके फक्त इतरांतच आहेत असे मानून आपण सुटका करून घेऊ नये. घुबडाचे नख किंवा रक्त मागणारे आमिल आपल्याही मोहल्ल्यात बसतात आणि त्यांच्या दारात आपलीच माणसे जातात. असा कुणी आढळला तर वन विभागाला कळवा.

सलीम अली आपल्याच मुंबईचे. लहानपणी मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून त्यांना कुतूहल वाटले आणि त्यातून भारताला मोठा पक्षीशास्त्रज्ञ मिळाला. आपल्या मुलांच्या हातात तर दगडाऐवजी कॅमेरा देता येतो. महागडा नसला तरी चालेल, दुर्बीण किंवा नुसती शांत नजरही पुरते. या आठवड्यात इशानंतर मुलांना घेऊन कबरस्तानाच्या कुंपणाशी जा. कबरवासीयांना सलाम करा, दुआ मागा आणि मग चिंचेकडे पाहा. जो आवाज येईल तो कुणाच्या मौतीचा निरोप नाही, अल्लाहच्या एका मखलूकचा आहे, हे मुलांना तिथेच सांगा.